न गोठलेल्या तळ्याचा फोटो कसा काढावा: जपानी परंपरा आणि बदलतं हवामान टिपू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

हवामानबदलाचा सरळ फोटो निघत नाही. एका उकाड्याच्या दिवसाचा निघतो, एका पुराचा निघतो, पण चाळीस-पन्नास वर्षांत हळूहळू सरकलेला ऋतू एका फ्रेममध्ये मावत नाही. जपानमध्ये मात्र या अडचणीतून एक वाट निघते. तिथल्या कितीतरी परंपरा ऋतूला बांधलेल्या आहेत. अमुक दिवसांत तळं गोठावं, अमुक आठवड्यात फुलं यावीत, अमुक महिन्यात घोडे मैदानात उतरावेत अशी गावाची अपेक्षा असते, आणि ते घडलं की नाही याची नोंद कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ठेवत असतं. घडायला हवं होतं काय आणि घडलं काय, यातलं अंतर कॅमेऱ्याला दिसतं, कारण ते अंतर माणसांच्या कामात उतरतं.

तोक्यो, नागोया किंवा ओसाकात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे बरा कॅमेरा आणि मोकळे शनिवार-रविवार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला आहे. भारतातून दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, पण त्यांनी पहिली पायरी जास्त कठोरपणे पाळावी.

पायरी पहिली: एकच जागा निवडा

‘जपानी संस्कृती आणि हवामानबदल’ असा विषय घेऊन निघालात तर हाती फक्त पर्यटनाचे फोटो लागतील. एक गाव, एक काम, एक ऋतू धरा. निवडताना तीन प्रश्न विचारा. या परंपरेची जुनी नोंद आहे का? ऋतू चुकला तर माणसांना काही वेगळं करावं लागतं का? आणि मला इथे पुन्हा येता येईल का? माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुन्हा जाता येणार नसेल तर विषय कितीही सुंदर असला तरी सोडून द्या.

या तिन्ही कसोट्यांवर सगळ्यात खरी उतरणारी जागा म्हणजे नागानो प्रांतातला सुवा तलाव. तोक्योच्या शिंजुकू स्थानकातून ‘आझुसा’ एक्सप्रेसने सव्वादोन तासांच्या आसपास कामी-सुवा येतं, तिथून तळं चालत जाण्याइतकं जवळ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५९ मीटर उंचीवरचं हे उथळ तळं कडाक्याच्या हिवाळ्यात पूर्ण गोठतं. रात्रीच्या थंडीत बर्फ आकसून त्याला भेगा पडतात, भेगांत आलेलं पाणी गोठतं, आणि दिवसा ऊन लागून बर्फ पसरू लागला की भेगेच्या रेषेवर बर्फाचे तुकडे मोठा आवाज करत वर उचलले जातात. तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाचा बांध उभा राहतो. त्याला ओमिवातारी म्हणतात. सुवाच्या वरच्या देवस्थानातला देव ताकेमिनाकाता पलीकडच्या काठावरच्या खालच्या देवस्थानात आपल्या पत्नीला, यासाकातोमेला, भेटायला तळं ओलांडून गेला, त्याची ही वाट, अशी श्रद्धा आहे.

या वाटेची नोंद १४४३ पासून आहे. आज ती जबाबदारी यात्सुरुगी देवस्थानच्या पुजाऱ्यांकडे आहे. ओमिवातारी उमटली की पुजारी आणि मानकरी बर्फावर जाऊन पूजा करतात, भेगांच्या दिशा पाहतात आणि त्यावरून वर्षाच्या पिकापाण्याचं भाकीत सांगतात. उमटली नाही तर ‘आके नो उमी’, म्हणजे तळं उघडं राहिलं, असं जाहीर होतं आणि तेही वहीत लिहिलं जातं. सपना शर्मा, जॉन मॅग्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या अडीचशे वर्षांत तळं न गोठल्याची वर्षं फक्त ३ होती. १९५५ ते २००४ या काळात ती १२ झाली, आणि २००५ ते २०१४ या एकाच दशकात ५. शेवटची ओमिवातारी २०१८ च्या हिवाळ्यात उमटली. त्यानंतर २०२५ पर्यंत दर वर्षी वहीत ‘आके नो उमी’च लिहिलं गेलं.

नवखा फोटोग्राफर इथे हमखास म्हणतो, ‘मग तिथे टिपायला उरलं काय?’ उरली आहेत माणसं. बर्फ येवो न येवो, शोकान म्हणजे जानेवारीच्या ५-६ तारखेपासून रिश्शुन म्हणजे फेब्रुवारीच्या ३-४ तारखेपर्यंत पुजारी आणि मानकरी रोज पहाटे काठावर येतात, पाण्याचं तापमान मोजतात, बर्फाची पापडी असेल तर फोडून तिची जाडी पाहतात. साडेपाचशेहून अधिक वर्षांची वही पुढे चालू ठेवण्यासाठी ही मंडळी अंधारात उभी राहतात. तुमचा विषय ती माणसं आहेत.

सुवा जमत नसेल तर इतर जागा आहेत. त्याच खोऱ्यात, शेजारच्या चिनो गावात, कांतेन बनतं. आपल्याकडे चायना ग्रास म्हणून फालुद्यात आणि उपवासाच्या जेलीत जातं तेच हे. समुद्री शेवाळ उकळून, गाळून, थंड करून त्याच्या विटा पाडतात आणि हिवाळ्यात उघड्या शेतात मांडून ठेवतात. रात्री गोठायचं, दुपारी वितळून पाणी सोडायचं, असं साधारण दोन आठवडे चाललं की हलकी, कोरडी, पांढरी वीट उरते. या कामाला यंत्र नाही, फक्त रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन. थंडी कमी पडली तर काम थांबतं. एखाद्या कारखानदाराने होकार दिला तर पहिल्या प्रकल्पासाठी याहून चांगली जागा सुचवता येणार नाही, कारण इथे ऋतू आणि रोजगार एकाच शेतात दिसतात.

क्योतोच्या चेरीची नोंद तर इसवी सन ८१२ पर्यंत मागे जाते. राजे, सरदार आणि भिक्षू यांच्या रोजनिशींतून यासुयुकी आओनो या संशोधकांनी ती जुळवली. २०२१ मध्ये क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदीतला सगळ्यात लवकरचा. त्याआधीचा विक्रम १४०९ मधल्या २७ मार्चचा होता. विषय म्हणून तो मोठा आहे, पण नवख्याने क्योतोपासून सुरुवात करू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तिथे गर्दी इतकी असते की तुमच्या फोटोत गर्दीच येते.

पायरी दुसरी: तिथला पंचांगी हिशोब समजून घ्या

जुनं जपान वर्षाचे चोवीस भाग पाडत असे. शोकान आणि रिश्शुन त्यातलेच. हे भाग सूर्याच्या स्थितीवर ठरतात, त्यामुळे आजच्या कॅलेंडरमध्ये त्यांच्या तारखा जवळपास स्थिर असतात. सणांचं तसं नाही. काही जुन्या चांद्र तिथीवर, काही ठराविक इंग्रजी तारखेवर, काही सोयीच्या शनिवार-रविवारवर सरकलेले. तुमचा सण आज ज्या तारखेला होतो ती तारीख केव्हापासून आणि का आहे, हे जाण्याआधी शोधा. ‘पूर्वी या सणाला बर्फ असायचा’ असं कुणी म्हणालं, तर पूर्वी तो सण महिनाभर वेगळ्या काळात होता का हे आधी पडताळा. सुवाच्या जुन्या नोंदीही जुन्या पंचांगातल्या आहेत. अभ्यासकांनी त्या बदलून घेतल्यावरच आकडे तुलनेला आले.

जपानच्या हवामान खात्याच्या नोंदी नक्की पहा. नोंद होणाऱ्या प्रत्येक शहरात एक ठरलेलं चेरीचं झाड असतं (तोक्योचं यासुकुनी देवस्थानात आहे), त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं आणि सुमारे ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. अशा निसर्गनोंदी हे खातं १९५३ पासून ठेवत आलं. २०२१ पासून मात्र वनस्पती आणि प्राणी मिळून ५७ जातींची यादी फक्त ६ वनस्पतींवर आली. सिकाडा या उन्हाळ्यात किरकिरणाऱ्या किड्याचा पहिला आवाज, पाकोळीचं पहिलं दर्शन अशा गोष्टींची अधिकृत नोंद थांबली. तुमच्या घराजवळच्या देवस्थानातलं एक झाड किंवा एका छपराखालचं पाकोळीचं घरटं दर वर्षी तारखेसह टिपत राहिलात, तर त्या फोटोंना आज खरी किंमत आहे.

पायरी तिसरी: परवानगी, आणि तीही कागदावर

थेट कॅमेरा घेऊन जाऊ नका. आधी पत्र. ते जपानी भाषेत, एका पानात, मोजकं असावं: तुम्ही कोण, काय टिपायचंय, किती वेळा याल, फोटो कुठे वापराल, आणि नको असेल तिथे थांबाल याची हमी. जपानी सहकारी किंवा शेजारी यांच्याकडून ते वाचून घ्या. देवस्थानासाठी पत्र तिथल्या कार्यालयात, म्हणजे शामुशोत, द्यायचं. किनाऱ्यावरच्या कामासाठी मच्छीमार सहकारी संस्थेत, ज्याला ग्योक्यो म्हणतात. कुणाची ओळख घेऊन गेलात तर दार लवकर उघडतं, हे आपल्याकडच्यासारखंच. नावाची कार्डं छापून न्या आणि ती दोन्ही हातांनी द्या-घ्या.

पहिल्या भेटीत फोटो न काढलेले बरे. बसा, ऐका, चहा घ्या, काम बघा. दुसऱ्या वेळी ‘शाशिन ओ तोत्तेमो ई देस् का?’ असं विचारून कॅमेरा उचला. होकार संकोचून आला तर तो नकार समजा. तिथे तोंडावर ‘नाही’ म्हणणं अवघड जातं.

काही नियम पाठ करून ठेवा. जपानमध्ये स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क न्यायालयांनी मानलेला आहे, म्हणून ओळखू येईल असा जवळचा फोटो छापण्याआधी विचारा. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय कॅमेराच उचलू नका. बऱ्याच देवस्थानांत तिपाईला बंदी असते. क्योतोच्या गिओन भागातल्या खाजगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन दंडाचे फलक २०१९ पासून लागले आहेत. १०० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे आणि दाट वस्तीवर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही. नवख्याने ड्रोन घरीच ठेवावा. या विषयाला लागणारी जवळीक शंभर मीटर उंचीवरून मिळत नाही.

पायरी चौथी: सामान

एक बॉडी, ३५ मिलिमीटरच्या आसपासची एक लेन्स आणि एक ८५ किंवा १०० ची. बस. झूम असेल तर २४-७० पुरते. महाग कॅमेऱ्यापेक्षा दोन जादा बॅटऱ्या जास्त कामाच्या, कारण उणे तापमानात बॅटरी झपाट्याने उतरते. एक कॅमेऱ्यात, बाकीच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

थंडीतून गरम खोलीत गेलात की कॅमेऱ्यावर आणि लेन्सच्या आत बाष्प धरतं. बाहेर असतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. मेमरी कार्ड हवं असेल तर आत जाण्याआधी काढून घ्या.

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे आणि सॉकेट दोन चपट्या पायांचं, आपली गोल पायांची पिन बसत नाही, अडॅप्टर न्या. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. देशाच्या पूर्वेला वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेला ६० हर्ट्झची आहे. दारूच्या भट्टीत, कारखान्यात किंवा मासळी बाजारात जुन्या ट्यूबखाली फोटो काढताना पट्टे आले तर तोक्यो-फुकुशिमाच्या बाजूला शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, क्योतो-ओसाका-मिएच्या बाजूला १/६० किंवा १/१२५.

बर्फावर कॅमेऱ्याचं मोजमाप फसतं आणि पांढऱ्याचं राखाडी होतं. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर घ्या. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एकच ठरवा, नाहीतर दोन वर्षांच्या पहाटा रंगांनीच वेगळ्या दिसतील आणि तो फरक हवामानाचा नसून सॉफ्टवेअरचा असेल.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष पहाट

आता सुवाच्या काठावर एका सकाळी काय करायचं ते पाहू. मानकरी साडेसहाच्या सुमारास जमतात, तुम्ही पाऊण तास आधी पोहोचा. आदल्या संध्याकाळी जागा पाहून ठेवा आणि आपण कुठे उभं राहिलं तर आड येणार नाही हे त्यांनाच विचारा. तिथे वार्ताहर असतात, गावकरी असतात. पुजाऱ्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही उभे राहू नका.

उजेड येण्याआधी रुंद फ्रेम घ्या: तळं, पलीकडचे डोंगर, काठावरची माणसं. मग जवळ या. थर्मामीटर धरलेला हात. पाण्यात सोडलेली दोरी. आकडा वाचताना वाकलेल्या पाठी. वहीत लिहिणारी बोटं, हातमोजा काढलेला की घातलेला, हेही सांगून जातं. बर्फाची पापडी उचलली तर ती कुणाच्या तरी हातात टिपा, म्हणजे तिची जाडी बोटांशी तोलता येईल. गप्पा मारताना, हसताना, निघताना टिपा. हे लोक दुःखाचे पुतळे बनून उभे नसतात. त्यांना तसं दाखवणं खोटं आहे.

मागची पार्श्वभूमी अंधुक करण्याचा मोह आवरा. हामाया हिरोशी या फोटोग्राफरने १९४० च्या हिवाळ्यापासून निइगाता प्रांतातल्या कुवातोरी खोऱ्यात नव्या वर्षाचे विधी टिपायला पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्या. त्याला हवी होती तिथली लोकसंस्कृती. आज ते फोटो पाहताना आपली नजर बर्फाकडेही जाते, तो किती होता, दारात कुठवर आला होता. त्याने पार्श्वभूमी स्वच्छ ठेवली म्हणून ते आपल्याला वाचता येतं. तुमच्या फोटोत उद्याचा माणूस काय शोधेल हे तुम्हाला आज कळणार नाही. म्हणून दर दृश्याची निदान एक फ्रेम लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवून, सगळं नेमकं दिसेल अशी घ्या.

पायरी सहावी: तीच चौकट, पुन्हा

प्रत्येक जागेवर एक ‘कायमची चौकट’ ठरवा. जिथे पाय ठेवाल ती जागा हलणारी नको: दगडी पायरीची कड, तोरी कमानीचा खांब, धक्क्याचा कोपरा. वहीत लिहा: जागा, कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, लेन्स, दिशा, वेळ. फ्रेमच्या दोन कोपऱ्यांत काय आहे तेही लिहा, उदाहरणार्थ डावीकडे खांब, उजवीकडे डोंगराचं टोक. पुढच्या वेळी मागचा फोटो छापून सोबत न्या आणि त्याच्याशी जुळवून उभे राहा. फोनवर पाहून जुळवण्यापेक्षा कागदावर पाहणं सोपं जातं, थंडीत तर नक्कीच.

याचा सराव घरी करता येतो. कोकणातल्या आपल्या आंब्याचा मोहोर, गावच्या जत्रेतलं नदीचं पात्र, दर वर्षी त्याच दिवशी त्याच जागेवरून टिपून पहा. शिस्त अंगवळणी पडते आणि जपानला गेल्यावर तंत्रात वेळ जात नाही.

पायरी सातवी: उन्हाळ्याकडे वळा

हिवाळ्याचे फोटो सुंदर येतात म्हणून सगळे तिकडेच जातात. पण परंपरा सगळ्यात उघडपणे बदलतेय ती उन्हाळ्यात. २०१८ च्या जुलैत क्योतोच्या गिओन उत्सवातली हानागासा मिरवणूक उष्म्यामुळे रद्द झाली. २०२५ च्या ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतात इसेसाकीला ४१.८ अंशांची नोंद झाली, हा देशाचा उच्चांक.

फुकुशिमाच्या किनारपट्टीवरचा सोमा नोमाओइ हा चिलखतातल्या घोडेस्वारांचा उत्सव पूर्वी जुलैअखेर व्हायचा. २०२३ मध्ये उष्म्याने घोडे दगावले, आणि २०२४ पासून उत्सव मेच्या शेवटच्या शनिवार-रविवार-सोमवारवर आणला गेला. हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या उत्सवाने हवामानामुळे महिना बदलला, ही गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. घोडदौड आणि आकाशातून खाली येणाऱ्या निशाणांसाठी होणारी झटापट टिपायला १/१००० च्या पुढचं शटर लागेल. पण घोड्याच्या अंगावर पाणी ओतणारा मोतद्दार, सावलीतले पशुवैद्य, चिलखत उतरवून बसलेला म्हातारा स्वार हेही टिपा. तिसऱ्या दिवशी ओदाका देवस्थानात पांढऱ्या कपड्यांतले लोक नुसत्या हातांनी घोडा धरून देवाला अर्पण करतात. बहुतेक पाहुणे तोवर परतलेले असतात, तुम्ही थांबा. दोन नियम कडक आहेत. मिरवणूक आडवी ओलांडायची नाही आणि गच्चीवरून किंवा खिडकीतून खाली पाहत तिचे फोटो काढायचे नाहीत, तो अपमान मानतात. आणि हा भाग २०११ च्या त्सुनामीने आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेने उद्ध्वस्त झालेला आहे, हे विसरू नका. तिथल्या प्रत्येक रिकाम्या घराचा संबंध हवामानाशी जोडाल तर त्या लोकांवर अन्याय होईल.

दुसरी उन्हाळी जागा म्हणजे मिए प्रांतातली तोबा आणि शिमाची किनारपट्टी. इथे आमा म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका आवाबी नावाचे शिंपले, शेवाळ आणि इतर समुद्री माल काढतात. त्यांचं कसब २०१७ मध्ये राष्ट्रीय लोकवारसा म्हणून घोषित झालं. तोबाजवळच्या कुझाकी गावातून आजही इसेच्या मोठ्या देवस्थानासाठी आवाबी जातात. १०.६ सेंटीमीटरपेक्षा लहान आवाबी परत समुद्रात सोडायचा हा मिएतला नियम आहे, आणि मापपट्टी लावून शिंपला तपासणारा हात हा या कामातला माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका फोटो ठरेल. खडकावरचं आरामे जातीचं शेवाळ नाहीसं होऊन तळ उघडा पडतो, त्याला इसोयाके म्हणतात. शेवाळ गेलं की आवाबीचं खाणं गेलं.

आमांचं काम पाण्यातलं असलं तरी कॅमेरा घेऊन पाण्यात उतरू नका. तिथे मासेमारीचे हक्क गावाकडे आहेत आणि बाहेरच्याने एक शिंपलाही उचलला तर तो गुन्हा आहे. किनाऱ्यावरून खूप मिळतं: वर आल्यावर सोडलेल्या श्वासाची शीळ ऐकू येते, डोक्याच्या फडक्यावर चांदणी आणि जाळीची रक्षक चिन्हं शिवलेली दिसतात. बुडीनंतर शेकोटीभोवती बसायची झोपडी म्हणजे आमागोया. तिथे बोलावलं तरच जा आणि फ्लॅश वापरू नका, आगीचा उजेड पुरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, वाढू द्या, दाणेदार फोटो चालतो. तोबातलं समुद्र-संस्कृतीचं संग्रहालय आधी पाहून घ्या, म्हणजे झोपडीत गेल्यावर कुठलं साधन कशाचं हे विचारण्यात त्यांचा वेळ जाणार नाही.

पायरी आठवी: फोटोखालची ओळ

या कामात फोटो निम्मा आणि मजकूर निम्मा. मजकुरात तीन गोष्टी कधीही मिसळू नका: मी काय पाहिलं, नोंदी काय सांगतात, आणि कारण काय.

‘हवामानबदलामुळे सुवा तलाव गोठला नाही’ अशी ओळ लिहू नका. एका हिवाळ्यावरून तेवढं म्हणता येत नाही. असं लिहा: ‘सुवा तलाव, नागानो प्रांत. अमुक तारीख, सकाळी अमुक वाजता. यात्सुरुगी देवस्थानचे मानकरी पाण्याचं तापमान मोजताना. त्यांनी वाचलेला आकडा अमुक. या हिवाळ्यात ओमिवातारी उमटली नाही.’ त्यानंतर वेगळ्या वाक्यात नोंदींचा कल, आणि तिसऱ्या वाक्यात संशोधक काय म्हणतात ते. रिकाम्या जागा तिथल्या तिथे भरा. घरी येऊन आठवणीने आकडे घालू नका.

कारणं बहुधा एकाहून जास्त असतात. क्योतोचा बहर लवकर येण्यात जागतिक तापमानवाढीइतकाच शहराच्या स्वतःच्या उष्णतेचाही विचार संशोधकांना करावा लागतो. मिएच्या समुद्रात शेवाळ विरळ होण्यामागे तापलेलं पाणी आहे, शेवाळ खाणारे मासे आणि सी-अर्चिन हे काटेरी समुद्री प्राणी आहेत, आणि ऑगस्ट २०१७ पासून एप्रिल २०२५ पर्यंत कुरोशिओ या उष्ण सागरी प्रवाहाने घेतलेलं लांबलचक वळणही आहे. आमा कमी होण्यात तर वय आणि शहराकडे गेलेल्या मुली यांचा वाटा मोठा. हे सगळं लिहिल्याने तुमचा लेख दुबळा होत नाही. एकच कारण ठोकून सांगणाऱ्या फोटोला पहिला जाणकार वाचक खाली पाडतो, आणि मग त्याच्यासोबत खरं असलेलंही पडतं.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्या, पण आठवण म्हणूनच. ‘लहानपणी आम्ही तळ्यावरून चालत जायचो’ हे वाक्य मोलाचं आहे. ते कुणी, कोणत्या वयात, कुठे सांगितलं ते सोबत असू द्या. नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारा.

पायरी नववी: निवड, जतन, परतफेड

हंगाम संपला की लगेच निवड करू नका, महिनाभर जाऊ द्या. मग छोटे प्रिंट काढून जमिनीवर मांडा. पंधरा-वीस फोटोंचा क्रम पुरे. त्यात माणसाच्या कामाचे जास्त, निसर्गदृश्याचे कमी. आकाश गडद करणं, बर्फ घालवणं-वाढवणं, फ्रेममधून तार पुसणं, यातलं काहीही करू नका. उद्या कुणी हे फोटो पुरावा म्हणून पाहील, तेव्हा ती तारही पुराव्याचा भाग असेल. मूळ फाइली दोन वेगळ्या जागी ठेवा आणि तारीख, ठिकाण, कॅप्शन फाइलच्या आत भरून ठेवा, नुसतं फोल्डरच्या नावात नको.

शेवटी ज्यांनी तुम्हाला उभं राहू दिलं त्यांच्याकडे फोटो परत गेले पाहिजेत. हे मी कामाचाच भाग मानते. चांगल्या कागदावरचे प्रिंट, मागे पेन्सिलीने जपानी भाषेत तारीख आणि ठिकाण, पाकिटात पत्रासह. एक संच माणसांना, एक देवस्थानाला किंवा सहकारी संस्थेला, आणि गावात वस्तुसंग्रहालय असेल तर एक तिथेही द्या. प्रिंट हातात देताना चुका विचारा. कुणाचं नाव चुकलं असेल, साधनाचं नाव वेगळं असेल, ते तिथेच दुरुस्त करून घ्या आणि घरच्या फाइलीतही बदला. पुढच्या हंगामाच्या परवानगीचं पत्रही याच भेटीत, प्रिंटसोबत देऊन टाका.